दसऱ्याचा बार

भाऊ, उद्या तुझं तेरावं.

अंगणात मांडवाचे बांबू रोवणं चाललंय. दुपारचे तीन वाजलेत आणि मी तुझ्याच खाटेवर, लिंबाच्या सावलीत, शाळेच्या वहीची मागची पानं उघडून बसले आहे. तू असतास तर म्हणाला असतास, ही मास्तरीण रडायला बसली तरी आधी समास आखून घेते. आखला आहे मी समास. सवय जात नाही.

तू कसा गेलास हे गावात सगळ्यांना माहीत आहे. केळीत रानडुकरं शिरली, तू ठासणीची बंदूक घेऊन गेलास, चाप ओढलास आणि नळी मागच्या बाजूनं फुटली. बारा दिवस माणसं येतात, ओट्यावर मांडी घालून बसतात, पाणी पितात आणि एकच वाक्य बोलून उठतात. "नळी जुनी होती." मी मान हलवते. वहिनी मान हलवतात. माय भिंतीला टेकून बसलेली असते, ती कुणाकडे बघत नाही.

नळी जुनी होती हे खरंच आहे. आपल्या बाबांच्या आधीपासूनची ती. पण ती जुनी म्हणून फुटली नाही. तिच्यात आधीचा एक बार भरलेला होता आणि तू त्याच्यावर दुसरा ठासलास. आधीचा बार कुणी भरला होता ते मला माहीत आहे, कारण मी तो भरताना पाहिला होता. मायनं भरला होता. तिच्यादेखत तुला बाजेवर घालून नेलं, आणि तिला खरं कारण कळलं तर ती उरणार नाही अशी मला भीती वाटते. आणि नाही बोलले तर काय होईल, त्याचीही वाटते. उद्या सगळं गाव अंगणात असेल. बोलू की नको, हेच विचारायला तुझ्याकडे आले आहे.

तूच मला शिकवलंस ना. मी तेव्हा आठवीत होते. तू अंगणात बंदूक गरम पाण्यानं धूत होतास आणि मी नको तितकी जवळ उभी होते. तू ओरडला नाहीस. जवळ बोलावलंस. म्हणालास, ठासणीच्या बंदुकीचं वाईट हेच, की ती भरलेली आहे की नाही ते तोंडावरून कळत नाही. तोंडातून दारू ओतली, चिंध्यांचा बोळा ठासला, वर छर्रे, वर पुन्हा बोळा, सगळं आत जाऊन बसतं. ठिणगी पाडणारी मागची टोपी काढून ठेवली की भरलेली बंदूक आणि मोकळी बंदूक जुळ्या बहिणी. मग तू ती टोपी आहे का ते पाहिलंस, नळीचं तोंड आभाळाकडे केलंस, आपलं डोकं बाजूला घेतलंस आणि ठासायचा लोखंडी गज आत सोडलास. ठण्ण वाजलं. लोखंडावर लोखंड. "असं वाजलं तर काही नाही आत," तू म्हणालास. "आणि थप्प वाजलं, तं समज कोणीतरी बसेल हाय."

कितीतरी दिवस मी येता-जाता तुला विचारायचे, भाऊ, ठण्ण का थप्प? पुढे एका राखीला मी बांधलेली राखी तू संध्याकाळी सोडलीस आणि तिचा लाल दोरा गजाला गुंडाळलास. मोकळ्या नळीत गज पूर्ण उतरला की दोरा बरोबर तोंडाशी यायचा. दोरा वर राहिला की आत काहीतरी आहे. मला राग आला होता, माझी राखी त्या काळ्या गजाला बांधली म्हणून. तू म्हणालास, "अवं, राखी रक्षणासाठीच राहते ना? मंग?" आणि आपल्याच उत्तरावर तू दिवसभर खूश होतास.

गावात तुझ्याइतका बंदुकीला भिणारा माणूस नव्हता, आणि हे तू स्वतःच सांगायचास. त्या वेळची गोष्ट आठवते ना, नाल्याकाठच्या केळीत डुकरं उठवायला हाका घातला होता आणि कुणीतरी पान हललं म्हणून बार टाकला? पानाआड धुरपताबाई होती, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. छर्रे भाऱ्यात अडकले म्हणून ती वाचली. तू त्या माणसाला एक थोबाडीत दिलीस, आणि नंतर बांधावर बसून स्वतःच रडलास. गवतातून सात छर्रे वेचून काढलेस. ते सात छर्रे चुन्याच्या डबीत ठेवलेले असायचे, आणि हाक्याला नवीन माणूस आला की तू आधी डबी त्याच्या हातावर उपडी करायचास. "पान हललं म्हणजे डुक्कर नाही. पान हललं म्हणजे पान हललं." हे तुझं वाक्य मी वर्गात पोरांना सांगते. विज्ञानाच्या तासाला. निरीक्षण आणि अनुमान यातला फरक शिकवायला याहून सोपं वाक्य मला पुस्तकात मिळालं नाही.

असा तू. आणि तरी दरवर्षी दसऱ्याला तू भरलेली बंदूक घरात ठेवायचास.

आपलं भांडण त्यावरूनच होतं. एक वर्ष नाही, वीस वर्षं. मी शाळेच्या गावाहून, लोधीपुऱ्याहून, सकाळच्या बसनं यायचे, पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड आणि मधोमध बंदूक, तिला कुंकू, झेंडूचा हार, आणि पोटात बार. गावातले बंदूकवाले सगळेच भरतात, बाबा भरायचे, म्हणून तू भरायचास. मोकळं शस्त्र पुजत नाहीत, अपशकून होतो. आपल्याकडे रिकामं काही चालतच नाही. शेजारणीचं भांडं परत करताना त्यात चार दाणे साखर टाकायची, पाळण्यात मूल नसेल तर पाळणा हलवायचा नाही. माय तर तो शब्दच तोंडात घेत नाही. तांदळाचा डबा खडखडला तरी ती "तांदूळ वाढले" म्हणते. बाबा गेले त्या वर्षी शेजारच्या काकूंनी तिला विचारलं होतं, घर रिकामं वाटत असेल ना? माय त्यांच्यावर केवढी खेकसली होती.

मी म्हणायचे, भाऊ, घरात माणसं येतात-जातात, सोनं द्यायला सगळं गाव येतं आणि पाटावर बार भरलेली बंदूक! तू म्हणायचास, "मास्तरीणबाई, टोपी लावेल नाही. ती काय उठून चालू राह्यली का?" दुसऱ्या दिवशी सकाळी तू शेताच्या बांधात तो बार काढून टाकायचास. दसऱ्याचा बार. न चुकता. त्या आवाजानं मी पांघरुणात दचकायचे आणि मनात म्हणायचे, झालं एकदाचं.

फक्त निवडणूक आली की मला सुख. परवानेवाल्यांच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या. एका दसऱ्याला तसंच झालं आणि पाटावर नुसती कोयता-कुऱ्हाड होती, तेव्हा मी म्हटलं होतं, देवा, दरवर्षी निवडणूक घे. तू हसून लोळलास. मी शेताला बांधायला माझ्या जुन्या साड्या आणून द्यायचे, डुकरं बुजतात म्हणून. म्हटलं, साड्यांनी भागव, बंदूक विकून टाक. तू म्हणालास, "डुकरं आता तुह्या साड्या ओळखू लागली. आत्याबाईची साडी हाय म्हणतात अन् आत शिरतात."

या वर्षी तू हरलास. नवरात्रात फोनवर आपलं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी तू म्हणालास, "जा, तू जिंकली. या दसऱ्याले मोकळीच पुजतो." दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू बंदूक धुतलीस, गज टाकून मला फोनवरून ठण्ण ऐकवलंस. मी शिक्षकखोलीत होते. मी एवढ्या मोठ्यानं हसले की सगळ्यांनी माना वर केल्या.

दसऱ्याला सकाळी मी आले तेव्हा तू अंगणात ट्रॅक्टर धूत होतास. मी देवखोलीत गेले. माय पाटासमोर बसली होती. बंदूक तिच्या मांडीवर, तोंड वर, आणि ती गजानं बोळा ठासत होती. चाळीस वर्षं बाबांना बघितलं तिनं, हातांना सगळं पाठ. डोळ्यांना धड दिसत नाही म्हणून दारू चिमटीनं नव्हे, मुठीनं घातली होती, जमिनीवर सांडली होती. माझी चाहूल लागताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"भाऊले सांगू नको. तशीच कशी पुजायची वं, बेबी? सणाचा दिवस हाय. त्याचंच बरं होईल."

आणि मी हसले, भाऊ. एवढंच केलं मी. वीस वर्षं भांडले, पोरांना शिकवलं, तुला शिकवलं, आणि नेमक्या त्या क्षणी मला ती म्हातारी इतकी लाडकी वाटली, मांडीवर बंदूक घेऊन बसलेली, की मी हसले आणि सांडलेली दारू पदरानं पुसून घेतली. मनात म्हटलं, संध्याकाळी सांगू त्याला. संध्याकाळी माणसं आली, आपट्याची पानं, चहा, पुन्हा माणसं. या वर्षी मुक्काम नव्हता, मला सहाची बस होती. बसमध्ये आठवलं. म्हटलं, फोन करू. मग वह्या तपासायच्या होत्या. मग मी विसरले. दुसरं काही कारण नाही, खरंच विसरले.

एक गोष्ट मला बारा दिवस खाते आहे. तू दरवर्षीसारखा स्वतः भरला असतास, तर दुसऱ्या दिवशी स्वतःच काढून टाकला असतास. या वर्षी तू भरला नव्हतास म्हणून काढलाही नाहीस. म्हणजे मी भांडले नसते तर तू असतास. असं मला सकाळी वाटतं. दुपारी वाटतं, भांडण बरोबर होतं, गप्प बसणं चुकलं. तू काय म्हणशील ते कळत नाही. आपलं हे भांडण तू मध्येच टाकून गेलास, आणि तुझी बाजू मांडायलाही मीच उरले आहे.

तुझ्याबरोबर हाक्याला असायचा त्या नथ्थूभाऊनं मला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. तुमच्या केळीत पाच-सहा डुकरं शिरली होती, कंद उकरून झाडं आडवी केली होती. डुकरं मारायच्या परवानगीचा कागद तुझ्या नावाचा होता. भर दुपारी तुम्ही निघालात, तेवढ्यात शहराकडची तिघं जीप घेऊन आली. शिकार बघायची म्हणे. पायांत चपला, अंगात लाल-पिवळे शर्ट, एकाच्या हातात नवी कोरी दोननळी, आणि ती नळी तो बोलता बोलता प्रत्येकाच्या पोटावरून फिरवत होता. तू त्याला थांबवलंस. तो म्हणाला, "काका, टेन्शन मत लो, लॉक लगा है." तू म्हणालास, "लॉक बंदुकीले राहते, बोटाले नाही." त्याची काडतुसं काढायला लावलीस, बंदूक जीपमध्ये ठेवायला लावलीस. तिघांना बांधाच्या मागं बसवलंस. डबी काढून सात छर्रे हातावर ठेवलेस. अर्धा तास तुझा त्यांनाच शहाणं करण्यात गेला.

"आन् तितक्यात हाक्याची पोरं बोंबलू लागली," नथ्थूभाऊ सांगत होता, "निघाले, निघाले, जल्दी करा! त्यानं घाईघाईत ठासली. मी म्हटलं, भाऊ, आधी गज टाकून पाह्यला का? तो म्हणे, मीच धुऊन ठेवेल हाय, दसऱ्याच्या आधी. त्याले पक्कं माहीत होतं ना, ताई."

पक्कं माहीत होतं. लाल दोरा नळीच्या तोंडापासून चांगला वर राहिला असेल, ठासतानाच दिसला असता. पण तुझी नजर केळीकडे होती. आणि तुला पक्कं माहीत होतं, कारण मी तुला पक्कं केलं होतं.

बंदूक पोलिसांनी नेली. गज बांधावर पडला होता, तो मी उचलून आणला. आता माझ्या बाजूला, खाटेला टेकवून ठेवला आहे. दोरा जाग्यावर आहे, रंग तेवढा उडाला आहे. मांडववाला विचारतोय ताडपत्री कुठल्या बाजूनं बांधू. मी उठते.

*

भाऊ, झालं तेरावं. दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. बसला वेळ आहे म्हणून पुन्हा वही उघडली.

पंगत उठायच्या आत मी उभी राहिले. असं तेराव्याला कुणी बाई बोलत नाही, मला माहीत आहे. पण पुरुषमाणसं हात धुवायला उठली की पांगली असती. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, त्याला इलाज नाही.

मी म्हटलं, नळी जुनी होती म्हणून माझा भाऊ गेला नाही. तिच्यात दसऱ्याचा बार होता. तो भरताना मी पाहिला होता आणि मी त्याला सांगितलं नाही. चूक माझी आहे.

पंगतीत सगळे हात थांबले. तुझे सासरे म्हणाले, "पण भरला कोणी?"

मी म्हटलं, मी पाहिला आणि मी गप्प बसले, एवढंच मी सांगणार.

मायचा आवाज दारातून आला. ती कधी उठून आली मला कळलं नव्हतं. चौकटीला धरून उभी होती.

"मी भरला," ती म्हणाली. "या हातानं. मले पहिल्या दिवशीच समजलं, बेबी. तू सांगशील म्हणून वाट पाहू राह्यली होती मी."

भाऊ, तेरा दिवस तिला माहीत होतं. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती भिंतीला टेकून माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी तिच्याकडे धावले आणि तिथं, सगळ्यांसमोर, आम्ही दोघी ओरडून रडलो. वहिनी हातातलं वाढणं खाली ठेवून आत निघून गेल्या. त्या माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील. त्यांचा हक्क आहे.

रडणं ओसरल्यावर मायनं डोळे पुसले आणि विचारलं, "नथ्थू, तुही बंदूक कुठी हाय?"

"घरी हाय, माय."

"दसऱ्याचा बार काढला का?"

नथ्थूभाऊ म्हणाला, "काढला असंल."

"असंल?"

त्यानं मान खाली घातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून कापूस वेचणीला आला होता, मग तुझं झालं, मग कुणाला सुचतंय. तो घरी गेला आणि बंदूक घेऊन आला. ती ज्या खुंटीवर होती त्याच खुंटीवर त्याच्या नातींची दप्तरं असतात, मी स्वतः पाहिली आहेत. गावात आणखी दोन परवानेवाले आहेत, त्यांनाही मायनं बंदुका आणायला पाठवलं. कुणी आढेवेढे घेतले नाहीत.

मी तुझा गज आणला, नथ्थूभाऊची नळी तुझ्या नळीएवढीच. मायनं माझ्या हातातून घेतला. खाटेवर बसली, नथ्थूभाऊला बंदूक उभी धरायला लावली, टोपी बसते तिथं बोट फिरवून टोपी नाही याची खात्री केली, आणि डोकं बाजूला घेतलं. अगदी तू घ्यायचास तसं. मग गज सोडला.

थप्प.

अंगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत तो आवाज गेला. नथ्थूभाऊच्या बायकोनं नातींना जवळ ओढलं. बाकीच्या दोन बंदुका ठण्ण वाजल्या, पण त्यांच्या मालकांचेही चेहरे उतरले होते, कारण गज पडेपर्यंत त्यांनाही पक्कं माहीत नव्हतं.

नथ्थूभाऊ ती बंदूक नाल्यावर घेऊन गेला. आम्ही सगळे लांब उभे राहिलो. त्यानं टोपी बसवली, नळी ओल्या दरडीत रोखली आणि बार काढला. माय माझ्या खांद्याला धरून होती. ती दचकली नाही, नुसते डोळे मिटले. धूर विरला तसा नथ्थूभाऊ परत आला आणि म्हणाला, "झालं, माय. गेला बार."

मला वाटलं, आता ही घरी चल म्हणेल. तेरा दिवस ती धड जेवलेली नाही.

"गज टाक," माय म्हणाली.

"अगं, आता तं काढला ना. तुह्यासमोर काढला."

"टाक म्हणते ना."

नथ्थूभाऊनं नळी आभाळाकडे केली, डोकं बाजूला घेतलं आणि तुझा गज आत सोडला. ठण्ण वाजलं. लाल दोरा नळीच्या तोंडाशी येऊन थांबला. मायला तो दिसत नव्हता, म्हणून तिनं हात पुढं केला आणि बोटानं चाचपून पाहिला.

"रिकामी हाय," ती म्हणाली.

भाऊ, हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.